डी ड्राइव्ह कोणाचा?

“किशोरभाऊ, माझं स्कॅनचं फोल्डर रिकामं दिसून राहिलं.”

सोमवारी सकाळी सव्वादहाला खापरखेड्याहून मंदाताईंचा फोन आला. मी धरमपेठेत, आमच्या सर्व्हर रूमबाहेरच्या माझ्या टेबलाशी बसलो होतो. आदल्या दिवशी एक मोठं काम उरकलं होतं. ते नीट झालं असं मला वाटत होतं.

“रिकामं म्हणजे?”

“रिकामं म्हणजे रिकामं. एकही फोटो नाही. एका बाळाचा फोटो घ्याचा आहे आता. मागचे पाहावं म्हणून उघडलं, तं काहीच नाही.”

“रिसायकल बिन पाहिलं?”

“पाहिलं. तेही रिकामं.”

“मग चुकून डिलीट झालं असेल तुमच्याकडून. शिफ्टचं बटण दाबलेलं राहिलं की फाइल बिनमध्ये जात नाही.”



“मी कशाले डिलीट करीन?” त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, “पण सकाळी घाईत होती मी. आता काय सांगू.”

“पाहतो मी,” म्हणालो आणि फोन ठेवला.

आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. मुख्य इमारत धरमपेठेत आणि खापरखेडा, कोराडी, उमरेड धरून आजूबाजूला सहा छोटी केंद्रं. मी तिथला सिस्टीम अॅडमिन. म्हणजे कॉम्प्युटर चालू असेल तेव्हा कोणाला माझी आठवण येत नाही, आणि बंद पडला की सगळ्यांना येते. या नोकरीत मला बारा वर्षं झाली होती.

मंदाताई खापरखेड्याच्या केंद्रावर टेक्निशियन. त्यांचं मुख्य काम कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचे फोटो काढणं. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या काही बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नीट वाढत नाहीत. बाहेरून काहीच दिसत नाही. बाळ दूध पितं, झोपतं, आणि आत पडदा सुटत जातो. वेळेवर लेझर केलं तर नजर वाचते. उशीर झाला तर नाही. म्हणून अशा बाळांना दर आठवड्याला बोलावतात, एका खास कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात, आणि धरमपेठेत बसून आमच्या डॉक्टर देशकर मॅडम मागच्या आठवड्याचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून पाहतात. मागचा फोटो नसेल तर आजार दिसतो, त्याचा वेग दिसत नाही.

हे फोटो मंदाताईंच्या कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हमध्ये ‘स्कॅन’ नावाच्या फोल्डरमध्ये असत. ते नाव मीच दिलं होतं.

आता रविवारचं काम. ते समजलं नाही तर पुढचं समजणार नाही, म्हणून सोपं करून सांगतो.

पेशंटच्या नोंदींचा आमचा प्रोग्राम केंद्रांवरच्या कॉम्प्युटरमध्ये नाहीच. तो धरमपेठेतल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर चालतो. केंद्रावरचा माणूस तिकडे लॉग इन करतो आणि सर्व्हरचा स्क्रीन त्याला आपल्या टेबलावर दिसतो. माउस हलवतो खापरखेड्यात, बाण हलतो धरमपेठेत. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. सोय मोठी आहे. पण त्या स्क्रीनवर बसलेल्या माणसाला एक गोष्ट कळत नाही: समोर दिसणारा डी ड्राइव्ह त्याच्या टेबलाखालचा, की धरमपेठेतला? सर्व्हरलाही डी होता, प्रत्येक केंद्रावरच्या कॉम्प्युटरलाही डी होता. लोक फाइल ‘डी’मध्ये ठेवत आणि नंतर शोधत बसत.

त्यात प्रोग्रामचं नवीन व्हर्जन आलं. त्याला फोटो उचलायला साधा, एका अक्षराचा ड्राइव्ह हवा होता. आमचे प्रशासक वानखेडे साहेब म्हणाले, “किशोर, हा डीचा घोळ एकदाचा मिटव. माणसाला डी दिसला की तो त्याचाच डी असला पाहिजे.”

म्हणणं बरोबर होतं. मी ठरवलं, सर्व्हरच्या डीचं अक्षर बदलून एस करायचं. मग डी हे अक्षर मोकळं होईल आणि लॉग इन केल्यावर त्या अक्षरावर ज्याचा त्याचा स्वतःचा ड्राइव्ह जोडता येईल.

अक्षर बदलायला अर्धं मिनिट लागतं. राइट क्लिक, नवीन अक्षर, ओके. धोका नंतर असतो. कारण सर्व्हरवर शेकडो ठिकाणी ‘डी ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरमध्ये जा’ असं लिहून ठेवलेलं असतं. अक्षर बदललं की ते सगळे पत्ते चुकतात. म्हणून मी तीन आठवडे तयारी केली. पूर्ण बॅकअप घेतला. सर्व्हरची हुबेहूब प्रत दुसऱ्या मशीनवर करून तिच्यावर आधी बदल करून पाहिला. सर्व्हरच्या कानाकोपऱ्यात ‘डी’ आणि त्यापुढे दोन टिंबं जिथे जिथे लिहिलेली, ती शोधून यादी केली. प्रोग्रामच्या सेटिंग, शॉर्टकट, प्रिंटर, ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, सगळं. रविवारी केंद्रं बंद असतात. सकाळी आठला सुरुवात केली आणि दुपारी दोनला संपवलं. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे टिक केली. ती यादी मी वानखेडे साहेबांना पाठवलीसुद्धा. उत्तरात त्यांचा वर केलेला अंगठा आला.

इतकी काळजी घेतल्यावर सोमवारी सकाळी कोणाचं फोल्डर रिकामं झालं, तर मी ते समोरच्या माणसाच्या माथी मारणार, हे उघडच होतं.

मंदाताईंचा फोन ठेवून वीस मिनिटं झाली असतील. उमरेडहून राजूभाऊंचा फोन आला. राजूभाऊ तिथले रिसेप्शनचे. गेली कित्येक वर्षं ते केसपेपर स्कॅन करतात.

“कायगा किशोर, तू काल काही केलं का? माह्या डीमधलं स्कॅन फोल्डर साफ आहे.”

मी उभा राहिलो. कशासाठी ते माहीत नाही.

“साफ?”

“एक कागद नाही त्यात. सकाळी होते. मी स्वतः पाह्यले. मंग तू म्हटलं ना, प्रिंटर दिसत नसन तं एकदा लॉग ऑफ करून परत ये? तसं केलं. आता पाह्यतो तं काहीच नाही.”

दोन गावांतली दोन माणसं एकाच सकाळी एकाच नावाचं फोल्डर चुकून डिलीट करत नाहीत.

आणि त्याच क्षणी मला दुसरंही आठवलं. पावणेदहाला मंदाताईंचा आधीही एक फोन आला होता. प्रिंटर दिसत नाही म्हणून. मी त्यांनाही तेच सांगितलं होतं. लॉग ऑफ करा आणि परत या. आमच्या धंद्यात हे औषध आम्ही सर्रास देतो. विचार न करता देतो.

लॉग ऑफ.

माणूस लॉग ऑफ करून सर्व्हरवरून बाहेर पडला की त्याच्या मागे एक झाडलोट होते. केंद्रावरून स्कॅन केलेले केसपेपर पूर्वी काही वेळ सर्व्हरच्या डीवर, ‘स्कॅन’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहत. एकाच्या पेशंटचे कागद दुसऱ्याला दिसू नयेत, म्हणून माणूस बाहेर पडताच ते फोल्डर पुसून टाकणारी चार ओळींची स्क्रिप्ट होती. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या हुकमांची चिठ्ठी. ही चिठ्ठी त्या सर्व्हरवर नव्हतीच. सगळ्यांचे पासवर्ड सांभाळणारा आमचा दुसरा सर्व्हर आहे, ती त्याच्यावर होती, आणि तिथे मी शोधलंच नव्हतं. मी फक्त पहिला सर्व्हर धुंडाळला होता.

दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन मी ती चिठ्ठी उघडली. तिच्यात ‘डी’ आणि दोन टिंबं एकत्र कुठेच नव्हती. लिहिणाऱ्याने हुशारी केली होती. वरच्या ओळीत ड्राइव्ह म्हणजे डी असं एकदा सांगून ठेवलं होतं, आणि खाली नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हटलं होतं. म्हणजे दुसरा सर्व्हर शोधला असता तरी माझ्या शोधात ती सापडली नसती.

पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव होतं. ‘किशोर निनावे’. माझंच. नऊ वर्षांपूर्वी लिहिलेली.

रविवारपर्यंत डी म्हणजे सर्व्हरचा डी. रविवारी दुपारी दोननंतर डी म्हणजे ज्याचा त्याचा स्वतःचा डी. चिठ्ठीला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने मंदाताईंच्या टेबलाखालच्या ड्राइव्हमध्ये हात घातला, ‘स्कॅन’ फोल्डर पाहिलं आणि नेहमीसारखं झाडून घेतलं. असं पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही.

मी चिठ्ठीचं नाव बदललं, म्हणजे कॉम्प्युटरला ती सापडू नये आणि पुन्हा चालू नये. मग बाकीच्या चार केंद्रांना एकामागून एक फोन केले. “लॉग ऑफ करू नका. काहीही झालं तरी करू नका.” चौघांनी सकाळपासून केलेलं नव्हतं. त्यांना प्रिंटर दिसत होता, एवढंच कारण.

राजूभाऊंचे मूळ कागद फायलीत होतेच, ते परत स्कॅन करता आले असते. मग मंदाताईंना फोन लावला.

“ताई, तुम्ही आत्ता कॉम्प्युटरवर काय करून राहिल्या?”

“बाळाच्या डोळ्यात औषध टाकलं आहे. बुबूळ मोठं झालं की फोटो घेईन.”

“फोटो घेऊ नका. काहीच क्लिक करू नका. कॉम्प्युटरच्या मागची वायर ओढा.”

“शट डाऊन नाही करू?”

“नाही. सरळ वायर ओढा.”

पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. कॉम्प्युटर फक्त तिची जागा मोकळी आहे असं लिहून ठेवतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र ती कायमची जाते. बंद करतानासुद्धा तो काहीबाही लिहितो. म्हणून वायर.

“ओढली,” मंदाताई म्हणाल्या. “आता?”

“बाळाच्या डोळ्यातलं औषध किती वेळ टिकते?”

“दोन-अडीच तास. मंग परत टाका लागते. हे पोरगं सव्वा किलोचं होतं जन्मलं तेव्हा. घडीघडी औषध टाकनं बरं नाही.”

“मी निघतो आहे.”

निघण्याआधी वानखेडे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. उभ्याउभ्या सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले.

“बॅकअप असेल ना खापरखेड्याचा?”

दर शनिवारी मंदाताईंनी फोटो एका बाहेरच्या डिस्कवर घ्यायचे, अशी पद्धत होती. ती डिस्क अडीच महिन्यांपूर्वी भरली होती. त्यांनी मला तीनदा मेल केला होता. नवीन डिस्क पाठवा. तिन्ही मेलना माझं उत्तर होतं, ‘पाहतो’.

“अडीच महिन्यांचा नाही,” मी म्हणालो.

“किती बाळं?”

“एकतीस. पण आजच्या बाळाचे फोटो लगेच लागणार आहेत.”

साहेब माणूस वाईट नाही. पण प्रशासक आहे.

“किशोर, हार्ड डिस्क खराब होते ना कधीकधी?”

“होते.”

“मग सध्या तेवढंच सांगू. डिस्क गेली. पेशंटच्या लोकांना सर्व्हर, ड्राइव्ह, हे काय समजणार?”

“गाडीची चावी द्या,” म्हणालो.

कोराडीचा रस्ता कोळशाच्या ट्रकांनी भरलेला होता. एकामागे एक, ताडपत्री बांधलेले, बैलगाडीच्या वेगाने. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता. ट्रकच्या मागे अडकून मी हिशेब करत होतो की मंदाताईंनी दहा ते पावणेअकरा या वेळात त्या मशीनवर काय काय केलं असेल. एखादी फाइल उघडली असेल. एखादी सेव्ह केली असेल. तिथेच बसली असेल ती, नेमकी त्या बाळाच्या फोटोवर. शेजारच्या सीटवर रिकामी नवीन डिस्क आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा होता. त्या डिस्कसाठी त्यांनी तीनदा लिहिलं होतं. कपाटातून काढायला मला दोन मिनिटं लागली होती.

केंद्रावर पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. बाकावर एक मुलगी बसली होती, वीस-एकवीस वर्षांची, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. शेजारी तिची सासू. मंदाताई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. मी दारातून आत आलो तेव्हा त्या सांगत होत्या,

“पूजा, तुह्या बाळाचे मागचे फोटो माह्या हातून गेले वं. सकाळी घाईत काहीतरी दबलं माह्याकडून. हे किशोरभाऊ आले, हे पाहतील. पण चूक माही आहे.”

मंदाताईंचा चेहरा रडून सुजलेला होता. दीड तास त्या हेच धरून बसल्या होत्या. मी सांगितलेलं.

पूजाने माझ्याकडे पाहिलं. सासूनेही पाहिलं. हार्ड डिस्क खराब होते कधीकधी, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मंदाताईंनाही ते चाललं असतं. त्यांची सुटका झाली असती, माझीही झाली असती.

“ताईंनी काही केलेलं नाही,” मी म्हणालो. “काल मी सर्व्हरमध्ये बदल केला. त्याच्यामुळे फोटो पुसले गेले. सकाळी मी ताईंना लॉग ऑफ करायला सांगितलं, तेव्हा पुसले गेले. चूक माझी आहे. ताई, मी फोनवर तुमच्यावर ढकललं ते चुकीचं होतं.”

बाळ टॉवेलात हललं.

सासू म्हणाली, “मंग आता डोये तपासता येईन का नाही त्याचे?”

“येतील. पंधरा मिनिटं द्या.”

मंदाताईंनी पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही. “पहिले डिस्क काढा,” म्हणाल्या. “औषध उतरून राहिलं.”

त्या कॉम्प्युटरमध्ये सुदैवाने दोन वेगवेगळ्या डिस्का होत्या. सीची वेगळी, डीची वेगळी. आणि डीची डिस्क जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी. नवीन प्रकारच्या डिस्का पुसलेली जागा स्वतःहून साफ करून टाकतात. त्यातली असती तर मी रिकाम्या हाताने परत धरमपेठेला गेलो असतो, बस. मी ती डिस्क काढून खोक्यात ठेवली, नवीन लावली, मशीन चालू केलं. मंदाताईंनी कॅमेरा जोडून पाहिला. साडेबाराला त्यांनी बाळाचे दोन्ही डोळ्यांचे फोटो घेतले. बाळ रडलं. पूजा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

फोटो धरमपेठेला पाठवले. दहा मिनिटांनी डॉक्टर देशकर मॅडमचा फोन आला. मॅडम कमी बोलतात.

“आजचे मिळाले. मागचे?”

“नाहीत मॅडम. काढायचा प्रयत्न करतो. पुसलेल्या डिस्कची आधी हुबेहूब प्रत करावी लागते, मगच शोधता येतं. मूळ डिस्कला हात लावायचा नसतो.”

“कधीपर्यंत?”

“उद्या सकाळी.”

“दहापर्यंत. हा डोळा काठावर आहे. आज एकट्या फोटोवर मी लेझर करणार नाही. एवढ्याशा बाळाला भूल द्यावी लागते. आईला सांगा, उद्या सकाळी धरमपेठेला यायचं. न चुकता.”

पूजाला मी ते सांगितलं. तिने फक्त वेळ विचारली आणि बस कुठून मिळेल ते विचारलं. मी म्हणालो, हॉस्पिटलची गाडी येईल. हे सांगायचा मला अधिकार नव्हता. नंतर वानखेडे साहेबांनी त्यावर सही केली.

मंगळवारी सकाळी प्रत तयार होती आणि शोधाचं काम संपलेलं होतं. शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने फोटो परत दिले होते. दोन हजारांच्या वर. मग मी फोल्डर उघडलं. फोटो होते, नावं नव्हती. ‘फाइल एक’, ‘फाइल दोन’, असे आकडे. कोणाचा डोळा, कोणत्या तारखेचा, काही नाही. ते सगळं फक्त फाइलच्या नावात होतं, आणि नावं गेली होती. स्क्रीनवर दोन हजार केशरी गोल. मला सगळे सारखे दिसत होते.

पावणेनऊ वाजले होते. मी मंदाताईंना फोन लावला. त्या आधीच निघाल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

सव्वानऊला त्या माझ्या टेबलाशी आल्या. पर्स खाली ठेवली, चष्मा लावला आणि माउस हातात घेतला. मी शेजारी उभा राहिलो.

“नावं नाहीत ताई. आता कसं करायचं?”

“नावं कशाले पाहिजे?” त्या म्हणाल्या. “नसा आहेत ना.”

त्या एकेक फोटो पुढे सरकवू लागल्या. सेकंदाला एक. थांबत नव्हत्या. “हे कोराडीच्या जुळ्यांतलं मोठं. हे लहानं. हे पहा, हे सिल्लेवाड्याचं, याच्या डाव्या डोळ्यात नस आडवी जाते.” मला काहीच दिसत नव्हतं. प्रत्येक बाळाच्या पडद्यावरच्या वाहिन्यांची नक्षी वेगळी असते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ती नक्षी पाठ असलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि याच बाईला मी शिफ्टचं बटण समजावून सांगितलं होतं.

पावणेदहाला त्या थांबल्या.

“हे पूजाचं.”

“नक्की?”

त्यांनी कालचा फोटो शेजारी उघडला आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. “इथं फाटा फुटते. मंग खालची नस जरा मागे वळते. इथंही तेच. आता तुमाले दिसते का?”

दाखवल्यावर दिसलं. त्यांनी चार आठवड्यांचे चारही फोटो ओळीने लावले. चौथ्यातला खालचा भाग राखाडी पट्ट्यांनी खाल्लेला होता. तिथे सोमवारी सकाळी काहीतरी दुसरं लिहिलं गेलं होतं. वरचा भाग शाबूत होता.

दहाला मॅडम आल्या. त्यांनी चौथा आणि कालचा फोटो शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिलं. मंदाताई आणि मी मागे उभे होतो.

“आठवड्यात वाढलंय,” मॅडम म्हणाल्या. “वाहिन्या जाड झाल्यात, वेड्यावाकड्या झाल्यात. आज दुपारी लेझर.” मग मंदाताईंना, “चांगले काढले आहेत.”

त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं. विचारायला नको होतं.

“मॅडम, हे जुने मिळाले नसते तर?”

“कालच्या एकट्या फोटोवर मी एक आठवडा थांबले असते.”

“आणि एका आठवड्यात…”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं. मी खाली बसलो. मंदाताईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. एवढ्या तासांत त्या माझ्याशी कामाशिवाय पहिल्यांदा बोलल्या. “पाणी प्या,” म्हणाल्या.

लेझर झालं. पुढच्या दोन महिन्यांत मॅडमनी बाळाला पाचदा पाहिलं. पडदा जागेवर आहे. पूजा मला ओळखते, पण हसत नाही. तिचं बरोबर आहे.

पूजाच्या बाळाचा तो अर्धा फोटो धरून एकतीसपैकी अठ्ठावीस बाळांचे सगळे फोटो मिळाले. मंदाताईंनी दोन दिवस माझ्या टेबलावर बसून प्रत्येकाला नाव दिलं. दोघांचे थोडे खराब झाले होते, त्यांना परत बोलावलं. ती आली. उरलं एक. त्याचा शेवटचा फोटो मिळालाच नाही, आणि त्याचे आईबाप कामासाठी दुसरीकडे गेले होते. फोन बंद. त्यांना शोधायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी रोज सकाळी मंदाताईंना एकच फोन करत होतो आणि त्या रोज एकच उत्तर देत होत्या. दहाव्या दिवशी बाळ आलं. डोळे ठीक निघाले. त्यात माझा काही वाटा नव्हता.

मी जे झालं ते लिहून दिलं. स्क्रिप्ट माझी, शोध अर्धवट, लॉग ऑफचा सल्ला माझा, डिस्कच्या तीन मेलना उत्तर माझं. वानखेडे साहेबांनी तो कागद दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी बोलावलं.

“हा असाच वर पाठवायचा?”

“असाच.”

“बढती विसर मग यंदा.”

“विसरलो.”

त्यांनी सही केली. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: बदलाला मंजुरी मी दिली होती. ती त्यांनी मला दाखवली नाही. वरून परत आलेल्या प्रतीवर मी वाचली.

आता आमच्याकडे कुठलीही स्क्रिप्ट अक्षर पाहून पुसत नाही. सर्व्हरच्या ड्राइव्हवर मी एक छोटी फाइल ठेवली आहे, तिच्यात सर्व्हरचं नाव आहे. पुसण्याआधी स्क्रिप्ट ती फाइल शोधते. नाही सापडली तर थांबते आणि मला मेल करते. फोटो रोज दुपारी आपोआप धरमपेठेला येतात. त्यात कोणाला काही आठवावं लागत नाही, मलाही नाही.

ती थांबायची सोय केल्याला वर्ष झालं. या वर्षात स्क्रिप्ट तीनदा थांबली. तिन्ही वेळा आदल्या दिवशी मी काहीतरी बदललं होतं, आणि तिन्ही वेळा ते बरोबर केलं आहे अशी माझी खात्री होती.